‘वापसा’ म्हणजे परत येणं नव्हे : कोश समितीला एक खुलं पत्र

माननीय सदस्य,
मराठी शब्दसंग्रह प्रकल्पाची सल्लागार समिती

स. न. वि. वि.

तुमच्या गेल्या बैठकीचं इतिवृत्त आमच्या खोलीत पोचलं. आमच्याविषयीचा ठराव तीन ओळींचा आहे. शब्दसंपादकांची सहा कंत्राटी पदं पुढच्या वर्षी चालू ठेवू नयेत, कारण ‘शब्दांचे ज्ञान आता मॉडेल मजकुरातून आपोआप मिळवते’. (मॉडेल म्हणजे ढीगभर मजकूर वाचून भाषा शिकणारा संगणकाचा प्रोग्रॅम.) वाचलेली रक्कम संगणकांच्या भाड्याकडे वळवावी. खाली ‘सर्वानुमते मंजूर’.

त्या सहांतली मी एक. तेव्हा या पत्रात माझ्या पोटाचा प्रश्न आहे हे लपवत नाही. पण प्रश्न नोकरीपुरताच असता तर अर्ज घेऊन तुमच्या दारात उभी राहिले असते. चारचौघांत लिहिते आहे, कारण ठरावात दिलेलं कारणच चुकीचं आहे आणि ज्यांना त्याचा फटका बसणार ती माणसं तुमच्या बैठकीला नव्हती.

आधी एक घरची गोष्ट.

माझं माहेर मंगळवेढ्याजवळ. काळं रान, ज्वारीचा मुलूख. धाकटा भाऊ शेती बघतो. गेल्या भाद्रपदात त्याने मोबाइलवरच्या एका शेतीसल्ला देणाऱ्या सहायकाला तोंडीच विचारलं, ‘दुसरी पाळी कधी घालू?’ कुळवाची, म्हणजे मशागतीच्या औताची, एक पाळी झाली होती, वर पाऊस पडून गेला होता, पेरणीआधी आणखी एकदा कुळव फिरवायचा होता. उत्तर आलं : दोन पाळ्यांमध्ये साधारण २८ दिवसांचं अंतर असतं, चार दिवस मागेपुढे झाले तर काळजी करू नये, त्रास होत असल्यास डॉक्टरांना भेटावं.

त्याने मला फोन लावला. ‘आक्का, तुझं मशीन म्हणतंय अठ्ठावीस दिसांनी पाळी घाल. तवर वापसा थांबतोय व्हय?’ मागे भावजयीचं हसू ऐकू येत होतं.

मीही हसले. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन आमच्या स्वतःच्या मॉडेलला ‘पाळी’ विचारला आणि हसू गेलं. माझ्या हातच्या चिठ्ठीवर या शब्दाचे सहा अर्थ आहेत. रांगेतली पाळी. कारखान्यातली पाळी, म्हणजे दिवसपाळी-रात्रपाळी. बाईची पाळी. कानाची पाळी. कुळवाची पाळी. आणि ‘घरदार विकायची पाळी आली’ यातली पाळी. मॉडेलने वाक्यांचे गठ्ठे पाडून त्यातले तीन बरोबर शोधले : महिन्याची, कामाची आणि घरदार विकायची. बातम्यांत जे येतं ते. कान नाही, कुळव नाही. रांगेतली पाळी कामाच्या पाळीत कोंबलेली.

पुढे त्याला ‘वापसा’ विचारला. शेतकऱ्याच्या घरात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पाऊस उघडल्यावर जमीन ना चिखल ना ढेकूळ अशी कामाजोगी होते, मुळांना ओल मिळते आणि हवाही, ती अवस्था. आई मूठभर माती दाबून बघायची. गोळा झाला आणि टाकल्यावर फुटला, की वापसा आला. मॉडेलने वापशाचे शेजारी, म्हणजे अर्थाने जवळचे, म्हणून दिलेले शब्द असे : वापस, वापसी, घरवापसी.

यात मॉडेलचा दोष काढायचा नाही. विरळ शब्दांसाठी आम्ही वापरलेलं फास्टटेक्स्ट हे साधन शब्दाचे अक्षरतुकडे पाडून अंदाज बांधतं. हातात मजकूर कमी असला की तुकड्यांवर भिस्त ठेवणं एवढंच त्याला येतं. ‘वाफसा’ असंही लिहिणारे पुष्कळ आहेत, तो त्याच्या लेखी आणखी निराळा शब्द. हा अंदाज चुकला हे ओळखायला कोणीतरी मातीत हात घातलेला लागतो. तुमच्या ठरावाने नेमकी तीच खुर्ची रिकामी केली आहे.

मी यंत्राच्या विरोधातली नाही, हे तुमच्यापैकी दोघांना तरी माहीत आहे. आमच्या खोलीत पहिलं मॉडेल मीच चालवलं होतं, रात्री संगणक बंद करू नका अशी चिठ्ठी लावून. मजकुरातून शब्दज्ञान काढायच्या युक्त्या सुंदर आहेत. १९९२ साली मार्टी हर्स्ट या संशोधिकेने इंग्रजीत दाखवलं की वाक्यातल्या ठरावीक जोडण्या पकडल्या तर कोणती वस्तू कोणत्या प्रकारात मोडते ते न शिकवता कळतं. आमच्याकडे ‘हरभरा, तूर, मूग अशी कडधान्यं’ ही तशी जोडणी. तिने एका रात्रीत जेवढ्या जोड्या काढल्या तेवढ्या आम्हा सहा जणांना वर्षभरात जमल्या नसत्या. त्याच यादीत हेही आलं : ‘घरं, गुरं, शेतं अशी सगळी वाहून गेली’ या पुराच्या बातमीवरून घर हा ‘सगळी’चा एक प्रकार ठरला. पाच सेकंदांत खोडून टाकायची चूक. पण खोडायला माणूस हवा.

दुसरी युक्ती संगतीची. शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, असं जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडलं होतं. २०१३ मध्ये गूगलच्या वर्ड-टू-व्हेकने ती संगत आकड्यांत बसवली. ज्यांची संगत सारखी ते शब्द जवळजवळ. म्हणून गरम आणि गार शेजारी, महाग आणि स्वस्त शेजारी, कारण दोन्ही चहाच्या आणि बाजाराच्या त्याच वाक्यांत वावरतात. विरुद्धार्थी शब्द समानार्थी म्हणून पुढे करणं ही या पद्धतीची जुनी खोड आहे. शिवाय तिथे एका शब्दाला आकड्यांची एकच ओळ, म्हणजे सगळ्या पाळ्या एकाच पिशवीत. २०१८ नंतरची बर्टसारखी मॉडेलं वाक्य बघून निराळे आकडे देतात, त्यामुळे अर्थ वेगळे करता येतात. पण जो अर्थ मजकुरात आलाच नाही त्याचा गठ्ठा पडणार कुठून?

म्हणजे मूळ प्रश्न मजकुराचा. माझी पहिली तक्रार तिथेच आहे.

२०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ८.३ कोटी. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या संशोधकांच्या गटाने २०२२ मध्ये महाकॉर्पस हा मराठी वाक्यांचा संग्रह खुला केला, तेव्हा त्यांनी नव्याने जमवलेली वाक्यं होती सुमारे २.४८ कोटी, बहुतांश बातम्यांतली. त्यांचं काम मोलाचं आहे, आम्ही रोज वापरतो. पण हिशेब करा, तीन-साडेतीन माणसांमागे एक वाक्य, तेही बातमीतलं. मग बाकीचं मराठी कुठे आहे? बरंचसं बोलण्यात. आणि लिहिलेल्यातलं कितीतरी युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्या कळणाऱ्या अक्षरसंकेतांच्या, आधीच्या फॉन्टांत अडकलेलं : श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव. शेतीच्या पुस्तिका, कारखान्यांचे अहवाल, स्मरणिका. माणसाला ते स्वच्छ छापील मराठी दिसतं. यंत्राला दिसतात रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच, मग सफाईचा प्रोग्रॅम ते कचरा म्हणून फेकतो. पेरणीपूर्व मशागतीची एक पुस्तिका मी हट्टाने युनिकोडमध्ये बदलून घेतली. पहिल्या अकरा पानांत कुळवाची पाळी चार वेळा होती. शब्द लिहिलेला होता हो, फक्त आपल्या जाळ्याला दिसत नव्हता.

उलट जे सहज सापडतं त्याचा भरवसा नाही. वेबवरून आपोआप जमवलेले अनेक भाषांचे संच २०२२ मध्ये काही संशोधकांनी माणसांकडून तपासून घेतले, तेव्हा कितीतरी संचांत निम्मी वाक्यंसुद्धा वापरण्याजोगी नव्हती. शिवाय ज्या भाषांचा मजकूर कमी, त्यांत यंत्रानेच भाषांतरित केलेला भाग मोठा असतो. म्हणजे आपलं मॉडेल दुसऱ्या मॉडेलचं मराठी वाचून मराठी शिकणार. अशा मराठीत बाई ‘घर चालवते’ की ‘घर हाकते’ हे ठरवायला आपण पुन्हा मॉडेललाच विचारणार का?

दुसरी तक्रार सफाईची. ही मी जरा सविस्तर सांगते, कारण ती ऐकून एका सदस्यांनी ‘हे तपशील तांत्रिक आहेत’ असं म्हटलं होतं. तांत्रिक नाहीत, शाळेत शिकवलेले आहेत. आचार्यास आणि आचाऱ्यास यांत फरक काय? पहिल्यात गुरुजी, दुसऱ्यात स्वयंपाकी. सगळा फरक त्या ऱ्यावर. आता युनिकोडच्या नियमाने ‘ऱ’ हे अक्षर र अधिक नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असं फोडता येतं. हिंदी मजकुरासाठी लिहिलेल्या सफाईत नुक्ता पुसायची सोय असते, म्हणजे तिथल्या एकाच शब्दाची नुक्त्यासह आणि नुक्त्याविना अशी दोन रूपं उरू नयेत. तिथे ते ठीक. तीच सफाई जशीच्या तशी मराठीवर फिरवली की आचारी आचार्य होतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांत दर्या शिरतो. आमच्या संग्रहात हे घडलं होतं. हजारो वाक्यांचं व्याकरणाने काही बिघडलं नाही, म्हणून कुठल्याही आकड्यात ते दिसलं नाही.

त्याहून मजेशीर प्रकार बर्टचा. २०१८ मध्ये गूगलने शंभराहून अधिक भाषांसाठी एकत्र मॉडेल दिलं. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अक्षरांवरची चिन्हं युरोपीय आघातचिन्हांसारखी धरून पुसली जात. देवनागरीत त्या फडक्याखाली उकार, एकार, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण सगळंच जातं. ‘पुणे’चं होतं ‘पण’. ‘कुत्रा’ होतो ‘कतरा’. ती आवृत्ती वापरू नये असं गूगलनेच पुढे नोंदवून ठेवलं, तरी आमच्याकडे ती काही आठवडे चालू राहिली. मॉडेलने तक्रार केली नाही. आकडे येत होते. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी मॉडेलने पाडलेल्या शब्दतुकड्यांची यादी छापून वाचली आणि विचारलं, ‘अहो, यात पुणं कुठं गेलं?’ त्या बाईसुद्धा तुमच्या सहांच्या यादीत आहेत.

सामान्यरूपाबद्दल थोडक्यात. ‘भावाला’ हा शब्द भाऊ या शब्दाचाही आणि भाव या शब्दाचाही. ‘कांद्याच्या भावाला उतरती कळा’ या मथळ्यावरून कांदा आणि भाऊ यांचं नातं जोडलेलं मी पाहिलं आहे.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर वाटते मला. तुमच्यापुढे ठेवलेल्या अहवालात अचूकतेचा एकच आकडा होता, आणि त्यावर ठराव झाला. तो कोणत्या शब्दांवर मोजला? सारखे येणारे, बातम्यांतले. आणि ताडून कशाशी पाहिला? आमच्या नोंदींशी. बरोबर उत्तरांची वही आम्ही लिहिली, तिच्यावरून मुलाला गुण मिळाले, आणि आता गुण चांगले आले म्हणून मास्तरांना घरी पाठवताय. पुढच्या वर्षीची वही कोण लिहिणार?

हाताने कोश करणं संथ असतं, हे मला मान्य. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ साली सुरू झालं, पहिला भाग १९७६ मध्ये छापून आला. तेवढं थांबायची ऐपत मराठीला नाही. पण दाते-कर्वे मंडळींनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ मध्ये बाहेर काढले, पुरवणी १९५० मध्ये, तीही संगणकाशिवाय. त्यात शब्दापुढे तो गोव्याकडचा, कोकणातला की वऱ्हाडातला याची खूण असते. मॉडेलच्या यादीत ही खूण नाही. कुठल्या वाक्यावरून शब्द घेतला हेही नाही. यादी बिनबापाची आहे. आणि हा कोश व मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश हे आज यंत्राला वाचता येतात ते शिकागो विद्यापीठाने ते संगणकावर आणून ठेवले म्हणून. आपल्या समितीच्या कपाटातल्या चिठ्ठ्या मात्र अजून कपाटातच आहेत. किल्ली कोणाकडे, यावर गेल्या वर्षी दोन पत्रं गेली.

माणूस आणि यंत्र यांची सांगड घालता येते हे दाखवणारी कामं आपल्याच आसपास आहेत. मुंबईच्या आयआयटीत हिंदी आणि मराठी शब्दजाळं उभं राहिलं, गोवा विद्यापीठाने कोंकणीचं केलं. अर्थ आधी ठरवायचा, मग प्रत्येक भाषेतले शब्द त्यात भरायचे, आणि प्रत्येक भरणीवर भाषा जाणणाऱ्याची नजर. तिथेही अडतंच. हिंदीत नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको जेठानी आणि धाकट्याची देवरानी; मराठीत दोघी जावा. मग जाऊ कुठल्या घरात बसवायची? ते ठरवायला चर्चा लागते, कधी भांडणही. ठरलं की ते यंत्राला कायमचं कळतं. आम्ही सहा जण दुपारभर हेच करतो. मॉडेल शंभर शब्द पुढे करतं, आम्ही त्यातले राखतो, खोडतो, फोडतो, आणि उरलेल्यांसाठी कोणाला तरी फोन करतो. वापशासाठी मी आईला केला होता.

आता मागण्या.

ठराव मागे घ्या. निदान एक वर्ष स्थगित करा, आणि संगणकाचं भाडं व संपादकांचं मानधन एकाच कामाची दोन अंगं म्हणून मंजूर करा. एकातून कापून दुसऱ्याला देऊ नका.

युनिकोडपूर्व फॉन्टांतला मजकूर बदलून घेण्याचं काम यंदाच हाती घ्या. सुरुवात शेती, पाणीवाटप, बाजार समित्या आणि आरोग्य यांच्या पुस्तिकांपासून. जाळ्यात सहज सापडतं तेवढंच मराठी, असं धरून पुढचं मॉडेल घडवू नका. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणाचा साठा लोकांसाठी खुला आहे; त्याला आमच्या नोंदी जोडायची परवानगी आणि वेळ द्या.

यंत्राने सुचवलेली आणि माणसाने न पाहिलेली नोंद कोशात जाणारच असेल तर तिच्यापुढे तशी खूण करा. वापरणाऱ्याला कळू द्या की इथे अजून कोणी मातीला हात लावलेला नाही.

अचूकतेचा आकडा एकटा मांडणं थांबवा. विरळ शब्द, अनेकार्थी शब्द, बोलींतले शब्द यांचे आकडे वेगवेगळे द्या. मंगळवेढ्यातल्या, चिपळूणमधल्या, चंद्रपुरातल्या माणसांनी विचारलेल्या खऱ्या प्रश्नांचा एक परीक्षासंच करा. तो जाहीर करा.

आणि कपाट उघडा. चिठ्ठ्यांची छायाचित्रं काढून, कोणी लिहिली त्या नावांसह, सर्वांना वापरता येईल अशा परवान्याखाली ठेवा. त्यात चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीची हस्ताक्षरं आहेत, वाळवी त्यांना मॉडेल येईपर्यंत सवलत देणार नाही.

बैठकीला बोलावलंत तर येईन. दहा मिनिटं पुरतील, संगणक मीच घेऊन येते. यादी तुम्ही निवडा, पहिले पन्नास शब्द आपण एकत्र तपासू.

सोबत ‘पाळी’ची चिठ्ठी जोडते आहे. पाचव्या अर्थाशी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे ते माझंच. कुळवाची पाळी म्हणजे रानावरून एक फेरा. पण कालव्याच्या पाण्याची पाळी, पाटकरी जिचा हिशेब ठेवतो ती, यातच घालायची की रांगेतल्या पाळीत? भाऊ म्हणतो, रांगेतली, कारण ती चुकली तर भांडण होतं. माझ्या सहकारी बाई म्हणतात, फेऱ्यातली, कारण ‘पिकाला पाण्याच्या चार पाळ्या दिल्या’ असं आपण म्हणतो, तिथे रांग कुठली? मला अजून ठरवता आलेलं नाही. माझं टेबल महिनाअखेरीस रिकामं करायचं आहे. तोवर कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या कोणी याचा उलगडा केला तर नोंद पुरी करून ठेवीन.

आपली विश्वासू,
एक शब्दसंपादक